शालेय परीक्षेतील जगाचा इतिहास आणि धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थी : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शालेय अभ्यासक्रमात इतिहास हा विषय प्रामुख्याने स्मरणशक्तीचा विषय मानला जातो. त्यातही जगाचा इतिहास म्हणजे दूरच्या देशांतील, अपरिचित नावांचा आणि सनावळींचा इतिहास, असा समज विद्यार्थी, पालक आणि पुष्कळदा शिक्षक यांच्याही मनात रूढ झालेला आहे. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, दोन महायुद्धे, शीतयुद्ध हे घटक परीक्षेपुरते पाठ करावयाचे आणि निकालानंतर विसरावयाचे, ही रीत सर्वत्र दिसते. मराठवाड्यासारख्या प्रदेशात, जेथे पुष्कळ विद्यार्थी घरातील पहिल्या शिकणाऱ्या पिढीतील आहेत, तेथे या रीतीचे परिणाम अधिक गंभीर होतात. ज्या विद्यार्थ्याच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज इतिहासाचे दुसरे पुस्तक नाही, त्याला जगाची ओळख परीक्षेच्या प्रश्नांतूनच होते. प्रश्न जसा विचारला जातो, तसे जग त्याला दिसते.

प्रस्तुत लेखात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील विद्यार्थी समोर ठेवून महाराष्ट्रातील शालेय परीक्षांतील जगाच्या इतिहासाचे, विशेषतः अमेरिकेच्या इतिहासाचे, चिकित्सक परीक्षण केले आहे. जगाचा इतिहास या जिल्ह्याला परका नाही. परीक्षेच्या रचनेने तो परका केला आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

विषयाची व्याप्ती

विवेचनासाठी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची (बालभारती) २०१८ मधील इयत्ता दहावीची व २०२० मधील इयत्ता बारावीची इतिहासाची पुस्तके आणि त्यांवर आधारित परीक्षापद्धती आधारभूत मानली आहे. तुलनेसाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) २००६ मधील अकरावीच्या पुस्तकाचा उल्लेख केला आहे. धाराशिव जिल्हा राज्य मंडळाच्या लातूर विभागीय मंडळात येतो. तथापि, येथे केलेली चिकित्सा कोणत्याही एका शाळेची वा शिक्षकाची नसून पद्धतीची आहे.

१. पाठ्यपुस्तकातील जग : स्थान आणि रचना

बालभारतीची स्थापना १९६७ मध्ये झाली. तेव्हापासून माध्यमिक स्तरावरील इतिहासाच्या पुस्तकांत जगाच्या इतिहासाचे प्रमाण वेळोवेळी कमीअधिक होत आले. २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाने घटनाक्रमाची जुनी मांडणी बाजूला ठेवून इतिहासलेखनाची परंपरा व उपयोजित इतिहास हा विषय निवडला. पहिल्याच प्रकरणात देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको असे पाश्चात्य विचारवंत विद्यार्थ्यांसमोर येतात. 'इतिहास कसा लिहिला जातो' हे माध्यमिक स्तरावर शिकविण्याचा हा प्रयत्न धाडसी होता आणि त्याचे स्वागत करावयास हवे.

परंतु मूल्यमापनाच्या पातळीवर या धाडसाचे काय झाले, हे पाहिले असता निराशा होते. दहावीला इतिहास व राज्यशास्त्राची लेखी परीक्षा ४० गुणांची ठेवण्यात आली. तिच्यात योग्य पर्याय निवडणे, चुकीची जोडी ओळखणे, संकल्पनाचित्र पूर्ण करणे, टीपा लिहिणे, विधाने सकारण स्पष्ट करणे असे प्रश्नप्रकार येतात. या प्रकारांत स्वतः काही वावगे नाही. मात्र ज्या फुकोने ज्ञान आणि सत्ता यांच्या संबंधाचा शोध घेतला, तो फुको 'ग्रंथ आणि लेखक' या जोडीतील एक नाव होऊन उरतो. पुराव्याची कठोर छाननी करावी असा आग्रह धरणारा रांके रिकाम्या चौकटीतील एक शब्द होतो. इतिहासकाराने प्रश्न विचारावा, हे सांगणारे प्रकरण विद्यार्थ्याला एकही प्रश्न न विचारता पूर्ण गुण मिळवून देऊ शकते. ही विसंगती मूलभूत आहे.

बारावीच्या पुस्तकाची रचना निराळी आहे. युरोपातील प्रबोधनापासून शीतयुद्धापर्यंत आणि पुढे बदलत्या भारतापर्यंत त्याचा विस्तार आहे. भारताचा आणि जगाचा इतिहास एकाच पुस्तकात गुंफण्याचा हेतू त्यामागे स्पष्ट दिसतो. तरीही युरोपीय वसाहतवाद एका प्रकरणात, भारतातील वसाहतवाद दुसऱ्यात आणि मराठे व वसाहतवाद तिसऱ्यात, अशी विभागणी झाली आहे. पुस्तकाला विभागणी अपरिहार्य असते. पण प्रश्नही प्रकरणनिहाय विचारले जाऊ लागले की प्रकरणांमधील भिंती पक्क्या होतात. बाजारातील अपेक्षित प्रश्नसंच त्या भिंतींवरून कधीच पलीकडे पाहत नाहीत. परिणामी एका प्रकरणातील इंग्रज आणि दुसऱ्या प्रकरणातील इंग्रज ही जणू दोन वेगळी माणसे आहेत, अशी विद्यार्थ्याची समजूत होते.

२. एक उदाहरण : अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आणि मराठे

या भिंतींमुळे काय गमावले जाते, हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. 'अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे लिहा' या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते : सप्तवार्षिक युद्धाचा खर्च, नवे कर, पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्व नसणे, बोस्टन येथील चहाचा प्रसंग. ही कारणे खरी आहेत. तथापि, ती अटलांटिक महासागराच्या दोन किनाऱ्यांपुरती मर्यादित ठेवली की त्यांचा निम्मा अर्थ हरवतो.

१७६५ या एकाच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकन वसाहतींवर मुद्रांक कर लादला आणि अलाहाबादच्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला. १७७२ पर्यंत कंपनी आर्थिक संकटात सापडून सरकारपुढे कर्जासाठी उभी राहिली. तिला सावरण्यासाठी आणि तिच्यावर अंकुश ठेवण्यासाठी पार्लमेंटने १७७३ मध्ये दोन कायदे केले : भारतासाठी नियामक कायदा आणि अमेरिकेसाठी चहाचा कायदा. त्याच वर्षी १६ डिसेंबरला बोस्टनच्या बंदरात ज्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, त्यांतील चहा चीनमधून आणलेला होता आणि तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीचा होता. नियामक कायदा विद्यार्थी भारताच्या इतिहासात पाठ करतो, बोस्टनचा प्रसंग अमेरिकेच्या इतिहासात. दोन्ही घटना एकाच कंपनीच्या डबघाईतून निघाल्या, हे त्याला विचारले जात नाही आणि म्हणून सांगितलेही जात नाही.

पुढील दहा वर्षे तर मराठी विद्यार्थ्याच्या अगदी जवळची आहेत. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. एप्रिल १७७५ मध्ये अमेरिकेत युद्धास तोंड फुटले. १७७६ च्या मार्चमध्ये पुरंदरचा तह झाला, जुलैमध्ये अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात आला आणि नाना फडणविसांच्या दरबारात त्याचे स्वागत झाले, तेव्हा इंग्रज अस्वस्थ झाले. या अस्वस्थतेमागे फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूने युद्धात उतरेल ही भीती होती. फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ मध्ये अमेरिकेशी करार केला आणि ती खरी ठरली. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना नामुष्की पत्करावी लागली. १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसने शस्त्रे खाली ठेवली. १७८२ मध्ये सालबाईचा तह आणि १७८३ मध्ये पॅरिसचा तह झाला. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आला आणि १७९३ मध्ये त्याच्याच काळात बंगालमध्ये कायमधारा पद्धती लागू झाली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन घटना एकाच वर्षी घडल्या म्हणजे त्यांत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही. सुरतेचा तह आणि अमेरिकेतील युद्धाचा प्रारंभ यांत असा संबंध दाखविता येणार नाही. कंपनीची आर्थिक स्थिती आणि फ्रान्सची भीती हे धागे मात्र प्रत्यक्ष आहेत. कोणता संबंध खरा आणि कोणता केवळ योगायोग, हे ओळखणे हीच इतिहासाची शिस्त आहे. विद्यार्थ्याची परीक्षा घ्यावयाची तर ती या ओळखीची घ्यावी. सनावळी पाठ असणे ही त्याची पूर्वतयारी आहे. परीक्षेने पूर्वतयारीलाच साध्य मानले आहे.

३. परिभाषेचा प्रश्न : शोध, वसाहत, यादवी

जगाचा इतिहास मराठीत शिकताना विद्यार्थ्याला ज्या शब्दांतून जावे लागते, त्या शब्दांची चिकित्सा फारशी होत नाही. 'कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जाते. मराठीत 'शोध लावणे' हा प्रयोग वाफेच्या इंजिनालाही लागतो आणि खंडालाही. जे नव्हते ते निर्माण झाले, अशी छटा त्यामुळे भूभागालाही चिकटते आणि तेथे हजारो वर्षे राहणारे मूलनिवासी समाज वाक्यातूनच नाहीसे होतात. एनसीईआरटीच्या २००६ च्या अकरावीच्या पुस्तकात मूलनिवासींच्या विस्थापनाला स्वतंत्र प्रकरण दिले गेले, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. विस्थापन म्हणजे काय, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या उमरगा-लोहारा भागातील कुटुंबांना ऐकून माहीत नाही, भोगून माहीत आहे. दोन्ही अनुभव एक नव्हेत. एकामागे निसर्ग होता, दुसऱ्यामागे सत्ता. परंतु हा फरक स्पष्ट करण्याची संधीही शिक्षकाला त्यातूनच मिळते.

'वसाहत' हा शब्दही असाच आहे. विद्यार्थ्याच्या बोलण्यात औद्योगिक वसाहत असते, कर्मचारी वसाहत असते. तेरा वसाहती म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या तर दोष त्याचा नाही. परमुलखात वस्ती करणे आणि परमुलखावर राज्य करणे या दोन भिन्न क्रिया मराठीत एकाच शब्दाने दर्शविल्या जातात. अमेरिकेत वस्ती झाली, भारतात राज्य झाले. दोन्ही ठिकाणी शब्द एकच. हा भेद उलगडून दाखविल्याशिवाय 'वसाहतवाद' ही संकल्पना समजणे शक्य नाही.

सर्वांत चिंतनीय शब्द 'यादवी' हा होय. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या काळातील युद्धाला मराठीत 'यादवी युद्ध' म्हणण्याची प्रथा आहे. या शब्दामागे यादवकुळाच्या नाशाची कथा आहे : मद्यधुंद होऊन, शापाच्या प्रभावाखाली, एकमेकांना मारून संपलेले भाऊबंद. शब्द अर्थवाही आहे, परंतु अमेरिकेतील संघर्षाला तो लावला की युद्ध म्हणजे भावाभावांतील निरर्थक कलह ठरतो. ते युद्ध ज्यावरून झाले, ती चाळीस लाखांच्या आसपास माणसांची गुलामगिरी दुय्यम होते. 'यादवी युद्धाची कारणे' या प्रश्नाच्या उत्तरात उत्तर-दक्षिण मतभेद, औद्योगिक व शेतीप्रधान अर्थव्यवस्था, घटकराज्यांचे हक्क अशी यादी येते आणि गुलामगिरी त्या यादीतील एक मुद्दा होते. वस्तुतः ती यादीचा कणा आहे. मराठी ही 'गुलामगिरी' या शब्दाला ग्रंथाचे शीर्षक करणाऱ्या जोतीराव फुले यांची भाषा आहे. तिच्यात हे घडावे, ही बाब खेदाची आहे.

४. कापूस, कर्ज आणि मुक्तीचा विचार

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल, अर्पण केली. अमेरिकेत तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये दास्य संपुष्टात आणले होते. अवघ्या आठ वर्षांत पुण्यातील एका विचारवंताने त्या घटनेचा अर्थ आपल्या समाजाच्या संदर्भात लावला. टॉमस पेन यांच्या लेखनाचा फुले यांच्यावरील प्रभावही सर्वश्रुत आहे. म्हणजे अमेरिकेच्या दोन्ही घटना, स्वातंत्र्ययुद्ध आणि दास्यमुक्ती, मराठी विचारविश्वात एकोणिसाव्या शतकातच दाखल झाल्या होत्या. अर्थात फुले यांना ज्या मुक्तीचे कौतुक वाटले, तिचा पुढील प्रवास खडतर होता. १८७७ नंतर अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे हक्क पद्धतशीरपणे काढून घेतले गेले. हा भाग सांगितला नाही तर विद्यार्थी कायदा आणि वास्तव यांतील अंतर ओळखू शकणार नाही.

दुसरा धागा बाजाराचा आहे. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा बहुतांश पुरवठा अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमातून होत असे. १८६१ नंतर तो आटला आणि मुंबईकडे मागणी वळली. खानदेश, वऱ्हाड व दख्खनमधील कापसाला अपूर्व भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली आणि मुंबईत शेअरबाजाराचा ज्वर चढला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. कर्जे राहिली, पुढे जमीन महसुलाची नवी आकारणी आली आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनच्या या दंग्यांनंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. केवळ अमेरिकेमुळे दंगे झाले असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. परंतु अमेरिकेशिवाय ते समजावूनही सांगता येत नाहीत.

धाराशिवच्या विद्यार्थ्याला हा धागा समजणे अवघड नाही. जिल्ह्यातील खरिपाचे प्रमुख पीक आता सोयाबीन आहे. अमेरिका व ब्राझीलमधील पीक आणि खाद्यतेलाच्या आयातीचे धोरण यांचा भावावर परिणाम होतो, हे तो घरी आणि आडतीवर ऐकत असतो. दूरच्या देशातील घडामोडींनी आपल्या शेतातील मालाची किंमत ठरते, हे सूत्र त्याच्या अनुभवातले आहे. इतिहासाच्या तासाला मात्र या अनुभवाला प्रवेश नाही.

तिसरा धागा व्यक्तींचा आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. तेथील मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेचा फुले यांच्या मनावर परिणाम झाला. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर तेथे उपस्थित होते. कोलंबियाच्या वर्गातून सुरू झालेला समतेचा विचार या जिल्ह्याच्या एका गावापर्यंत प्रत्यक्ष चालत आला होता. एखाद्या विद्यार्थ्याला कसबे तडवळे माहीत असते आणि अमेरिकेची राज्यघटनाही माहीत असते. या दोहोंमधील वाट मात्र त्याला कोणी दाखवीत नाही.

५. जिल्ह्याच्या मातीतील जग

जगाशी या जिल्ह्याचा संबंध आधुनिक काळापुरता नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात पैठण व तगर ही दख्खनची प्रमुख व्यापारी केंद्रे म्हणून येतात आणि तगरचे कापड भडोचच्या बंदरातून पश्चिमेकडे जात असल्याचा उल्लेख आढळतो. तेर येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती यांतील साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे तेथील मूर्ती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून गेली होती. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात या व्यापारयुगाचे अवशेष जतन केलेले आहेत. रोमन साम्राज्यावर टीप लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा चांगले साधन कोणते?

जिल्ह्याच्या पश्चिम सीमेजवळ खर्डा आहे. १७९५ मध्ये तेथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या कवायती पलटणींचा प्रमुख रेमाँ हा फ्रेंच होता आणि फ्रान्समध्ये तेव्हा राज्यक्रांतीचे सहावे वर्ष चालू होते. १७९८ मध्ये निजामाने तैनाती फौज स्वीकारली आणि या फ्रेंच पलटणी मोडण्यात आल्या. युरोपातील इंग्रज-फ्रेंच संघर्षाचा निकाल अंशतः या मुलखात लागत होता. १८५३ च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेश वऱ्हाडासोबत इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला राहून कारभार पाहू लागला. १८६० मध्ये हा प्रदेश निजामाला परत मिळाला, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. टेलरने १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'तारा' या इंग्रजी कादंबरीत तुळजापूरचा परिसर आहे. सत्ताधारी आपल्या प्रजेकडे कसे पाहतो, हे समजावून सांगण्यास असे साधन उपयुक्त ठरेल.

भाषेचा इतिहासही विसरता येत नाही. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि त्याच्या भाषांतर विभागाने जगाच्या इतिहासावरील ग्रंथही उर्दूत आणले. हे कार्य निःसंशय मोठे होते. परंतु मराठी घरातील मुलाला युरोपची राज्यक्रांती परभाषेतून पाठ करावी लागे. १९२१ मध्ये हिप्परगा येथे सुरू झालेल्या आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या अध्यापनाने प्रसिद्धी पावलेल्या राष्ट्रीय शाळेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर माध्यम बदलले. पाठांतराची रीत मात्र उर्दूतून मराठीत तशीच उतरली.

६. आक्षेप आणि मर्यादा

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, स्थानिक संदर्भाच्या आग्रहाने जगाचा इतिहास स्थानिक अभिमानाचे परिशिष्ट होईल. हा आक्षेप गंभीर आहे. 'आमच्या तेरचे कापड रोमला जात होते' एवढ्यावर समाधान मानले तर इतिहास पुन्हा पाठांतरच होईल, फक्त पाठ करावयाचे वाक्य गोड असेल. तो माल कोणी विणला, नफा कोणाला झाला, व्यापार ओसरल्यावर नगराचे काय झाले, हे प्रश्न विचारले गेले तरच स्थानिक संदर्भाला अर्थ आहे. फ्रेंच राज्यक्रांती वा रशियन क्रांती यांचे स्वतःचे महत्त्व आहे. ते जिल्ह्याशी जोडूनच सिद्ध व्हावे असेही नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. एका शिक्षकाकडे अनेक वर्ग, कधी अनेक विषय. तपासावयाच्या उत्तरपत्रिका असंख्य. मुक्त उत्तरांच्या तपासणीत समानता राखणे कठीण असते आणि ठराविक उत्तरांमुळे निदान अन्याय तरी टळतो. ग्रामीण विद्यार्थ्याला ठरलेला प्रश्न हा आधारही वाटतो. शहरातील भाषासंपन्न विद्यार्थ्यापुढे तो त्यामुळे मागे पडत नाही. हा युक्तिवाद नाकारता येत नाही. परंतु त्याचा अर्थ प्रश्न ठरलेले असावेत एवढाच होतो. ते पोकळ असावेत असा होत नाही. १७६५ ते १७८३ मधील आठ घटना उत्तरपत्रिकेतच देऊन 'यांपैकी कोणत्या दोन घटनांचा परस्परसंबंध आहे, ते सकारण लिहा' असा प्रश्न विचारता येतो. कापसाच्या भावातील चढउतार दाखविणारा आलेख देऊन त्याचे स्पष्टीकरण मागता येते. अशा प्रश्नांचे गुणदान निश्चित करता येते आणि त्यांत घोकंपट्टीचा लाभही होत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण हे तर अशा कामासाठी सर्वांत योग्य साधन होते. व्यवहारात ते पुष्कळदा वहीतील उतारे आणि चिकटविलेली चित्रे यांवर खर्च होतात.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. शालेय पाठ्यपुस्तकांत जगाचा इतिहास पुरेशा प्रमाणात असला तरी प्रकरणनिहाय प्रश्नरचनेमुळे भारताचा इतिहास आणि जगाचा इतिहास यांतील प्रत्यक्ष संबंध विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाहीत.

२. 'शोध', 'वसाहत', 'यादवी' यांसारख्या रूढ संज्ञा अर्थाची दिशाभूल करतात. त्या टाकून देण्याची गरज नाही. परंतु वर्गात त्यांची उकल होणे आवश्यक आहे.

३. अमेरिकेच्या इतिहासातील समता, दास्यमुक्ती व बाजार या तिन्ही विषयांना मराठी समाजाने एकोणिसाव्या शतकापासून प्रतिसाद दिलेला आहे. हा प्रतिसाद अभ्यासक्रमाचा भाग व्हावयास हवा.

४. तेर, खर्डा, नळदुर्ग, हिप्परगा, कसबे तडवळे ही स्थळे जगाच्या इतिहासाची साधने आहेत. अंतर्गत मूल्यमापनात त्यांचा उपयोग अल्प खर्चात करता येईल.

धाराशिव जिल्ह्याचा समावेश २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला. अशा जिल्ह्यातील विद्यार्थ्यापुढे स्पर्धा परीक्षांचे आकर्षण मोठे आहे आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनात जगाच्या इतिहासाचा समावेश केल्यापासून या विषयाचे बाजारमूल्यही वाढले आहे. तथापि, प्रश्न केवळ गुणांचा नाही. आपल्या शेतमालाचा भाव कोठे ठरतो, आपल्या संविधानातील समतेचे शब्द कोणकोणत्या संघर्षांतून आले, सत्ता आपल्याविषयी काय लिहिते आणि ते कसे वाचावे, हे ज्याला कळते तो नागरिक होतो. ज्याला केवळ सनावळी येते, त्याच्या हाती निकालानंतर काहीच उरत नाही. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला इतिहासाची दुसरी संधी सहसा मिळत नाही; म्हणून त्याच्या एकमेव प्रश्नपत्रिकेची रचना गांभीर्याने व्हावी, एवढीच अपेक्षा येथे नोंदविणे उचित ठरेल.